छपन्नचा काळ, मानमोडी आणि आमचे आजोबा

वऱ्हाडचे जुने लोक आपल्या प्रांताचे दोन भाग मानीत: पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा तो पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगरावरील तो बालाघाट. बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे हे गाव या दोहोंच्या सीमेजवळचे. डोंगराच्या अंगाखांद्यावरील गावांप्रमाणे येथेही माणसे पावसाच्या भरवशावर जगली. आमचे आजोबा याच मातीतले. त्यांचे नाव कोणत्याही इतिहासग्रंथात नाही; परंतु ज्या इतिहासात अशा आजोबांना जागा नाही तो अपुरा होय, असे आम्हांस वाटते.

आजोबांच्या बालपणी या भागात तीन राजवटी एकमेकींना टेकून होत्या. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले होते. १९०२ साली ते वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडण्यात आले. पश्चिमेस मुंबई इलाख्यातील खानदेश, तर डोंगरापलीकडे निजामाचा मुलूख. पुढे १९५६ साली बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. आजोबांनी एवढी राज्ये पाहिली, ती घर न बदलता.

त्यांना सन-साल ठाऊक नव्हते. त्यांचे पंचांग निराळे होते. एखाद्याचे वय सांगताना ते म्हणत, "तो छपन्नच्या काळातला" किंवा "ती मानमोडीच्या आदल्या साली झाली." छपन्नचा काळ म्हणजे विक्रम संवत १९५६, अर्थात १८९९-१९०० चा दुष्काळ. तो त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. वडिलांकडून ऐकला होता. खडी फोडून मिळालेल्या मूठभर धान्यावर जगलेली माणसे आणि ओस पडलेली घरे यांविषयी ते बोलत, तेव्हा आम्हा मुलांना ती अतिशयोक्ती वाटे. ती तशी नव्हती. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. जेथे दहा वर्षांत माणसे वाढावयाची तेथे ती घटली. आजोबांच्या आठवणीतील ओस घरे ती हीच.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पहिले महायुद्ध संपत आले असता ही साथ हिंदुस्थानभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९२१ ची जनगणना १९११ च्या मानाने घट दाखविते, त्याचे मुख्य कारण हेच. आजोबा त्या वेळी दहा-बारा वर्षांचे होते. त्या साथीत त्यांची आई गेली.

याच काळाशी आपल्या श्रद्धेचा इतिहास जोडलेला आहे. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली आणि तो संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरी संघाकडे सोपविण्यात आला. या संघाचा उगम आल्प्सच्या कुशीतील सॅव्हॉय प्रांतातला. म्हणजे डोंगरातील शेतकऱ्यांची मुले दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आली. त्यांच्याबरोबर गावोगाव पायी फिरणारे आपलेच मास्तर होते. प्रार्थना शिकविणे, अक्षरे गिरविणे, आजाऱ्याला भेटणे ही सारी कामे त्यांनी केली. त्यांचा इतिहास तर अजून लिहावयाचाच आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आमचे पूर्वज धान्यासाठी ख्रिस्ती झाले, असे हिणवून म्हटले जाते, आणि आमची मुले ते ऐकून मान खाली घालतात. याचे उत्तर रागाने नव्हे, इतिहासानेच दिले पाहिजे. भुकेने काही माणसे मिशनच्या दारी आली, हे खरे. ते नाकारण्याचे कारण नाही. याकोबाने आपल्या पुत्रांना धान्यासाठीच मिसरात पाठविले होते, आणि म्हणून त्याच्या श्रद्धेला कोणी खोटी म्हणत नाही. शिवाय मदतकार्याचे अन्न खाणारे बहुतेक लोक आपापल्या धर्मातच राहिले. ज्यांनी स्नानसंस्कार घेतला त्यांपैकी कित्येक पाऊस आल्यावरही टिकले. मानमोडीत, देण्यासारखे कोणाकडे काही नसतानाही, त्यांनी आपली माणसे क्रूसाखाली पुरली. धान्य एका हंगामाचे असते. तीन पिढ्या टिकलेल्या श्रद्धेचा हिशेब पायलीने कसा लागेल?

आजोबांना विचारले असता ते एकच सांगत: "तिथं आमाले पुऱ्या नावानं हाक मारली." गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत लॅटिन भाषेत त्यांचे नाव आहे, वडिलांचे आहे आणि आईचेही आहे. ज्या स्त्रीच्या नावावर हातभर जमीन नव्हती, तिचे नाव तेथे शाईने लिहिलेले आहे. अशा नोंदींना ट्रेंट परिषदेने सोळाव्या शतकात शिस्त लावून दिली, तीमुळे आज आम्हांला पणजीचे नाव कळते. जातीचा विटाळ चर्चच्या उंबऱ्याबाहेरच राहिला, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. पुष्कळ ठिकाणी तो आत शिरला. तरीही नोंदवहीच्या पानावर ओळी एकाखाली एक होत्या, वर-खाली पंगती नव्हत्या.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. परिणामी काही घरांत आजोबांचे एक नाव कागदावर आणि दुसरे देवघरात, असे झाले. अशा कुटुंबांना दोष देणे सोपे आहे; ज्या पोटच्या पोराला शिकवावयाचे आहे त्याच्या बापाची अडचण समजणे कठीण आहे. पण त्यात आजोबांची आठवण बोलण्यातून हळूहळू पुसली जाते, ही हानी आम्हांला मोठी वाटते.

१९७२ चा दुष्काळ आजोबांनी म्हातारपणी पाहिला. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो त्यांना गोड लागली नाही. सुकडी मात्र ते नातवंडांना वाटून खात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आजोबांचे म्हणणे असे: "छपन्नात लोक मेले, बहात्तरात राबले." शासनाच्या अहवालात शंभर पानांत जे सांगितले असेल ते या पाच शब्दांत आहे.

प्रभू येशूच्या आईच्या वडिलांचे नाव पवित्र शुभवर्तमानांत नाही. संत योआकिम आणि संत अ‍ॅन ही नावे ख्रिस्तसभेने परंपरेतून जपली आणि २६ जुलै हा त्यांचा सण ठरविला. २०२१ पासून त्याच सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी, आजी-आजोबांचा जागतिक दिन पाळावा असे पोप फ्रान्सिस यांनी ठरवून दिले. त्या दिवशी पुष्पगुच्छ द्यावा. त्याआधी घरातील वृद्धांजवळ वही-लेखणी घेऊन बसावे. छपन्न सांगणारे गेले, मानमोडी पाहिलेलेही गेले. बहात्तरला खडी फोडलेले हात अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना नाव, गाव, आई कोण, कोणत्या मास्तरांनी प्रार्थना शिकविली, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. नोंदवहीतील तारीख आम्ही धर्मगुरू शोधून देऊ. तिच्यामागचे माणूस मात्र कुटुंबानेच सांगावयाचे आहे.