परभणीच्या नांवांतील मूक अकार

परभणी हें नांव देवनागरींत चार अक्षरांनीं लिहितात. पण गांवच्या माणसाच्या तोंडून तें ऐकावें तर कानीं पडतें ‘पर्भणी’. ‘र’मधला अकार जिभेनें टाकून दिला आहे, लेखणीनें मात्र तो जतन करून ठेविला. शेजारच्या पाथरीची बोलतांना ‘पाथ्री’ होते, आणि गंगाखेडच्या शेवटल्या ‘ड’मधला स्वर तर कोणी उच्चारीतच नाहीं.

या लहानशा स्वरानें मोठमोठ्यांस विचारांत पाडलें आहे. ऱ्हस्व ‘अ’ व दीर्घ ‘आ’ हे सवर्ण ठरावेत म्हणून पाणिनीनें आपल्या शास्त्रापुरता ‘अ’ विवृत, म्हणजे उघड्या मुखाचा मानिला, असें वैयाकरण सांगतात. लोक तर तो संवृत, म्हणजे मुख कांहींसें मिटून उच्चारीत. यासाठीं अष्टाध्यायीचें अगदीं शेवटचें सूत्र त्यानें केवळ दोन अकारांचें केलें आणि ‘अ’ला त्याचा खरा उच्चार परत दिला. चार सहस्रांच्या घरांतील सूत्रांचा शेवट एका स्वराची दुरुस्ती करण्यांत व्हावा, ही सचोटी विरळा!

इंग्रजी अमदानींत या स्वरास रोमन अक्षर कोणतें द्यावें, हा वाद निघाला. सर विल्यम जोन्स यानें ‘ए’ योजिलें, तर गिलख्रिस्टनें ‘यू’. जोन्सची पद्धति टिकली. दीर्घ ‘आ’साठीं त्याच अक्षरावर आडवी रेघ देण्याची चाल पडली. रेल्वेच्या पाट्यांवर ती रेघ नसते, म्हणून परका उतारू ‘पारभानी’ म्हणाला तर दोष त्याचा नव्हे. पॅरिस येथें १८८६ सालीं स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लिपींत यासारख्या मध्यस्वरास उलटें फिरविलेलें रोमन ‘ई’ हें चिन्ह आहे. त्यास ‘श्वा’ म्हणतात. हें नांव हिब्रू व्याकरणांतून आलें. जेथें स्वर उच्चारला जात नाहीं तेथें हे शास्त्रज्ञ कांहींच लिहीत नाहींत.

निजामाच्या राज्यांत, १९४८ पर्यंत, परभणीच्या कचेऱ्यांत उर्दू चाले. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहींत. म्हणजे नागरी एक अकार अधिक लिहिते, तर उर्दू उच्चारलेलाहि गाळते.

मग नागरींतला हा मूक अकार निरुपयोगी म्हणावा काय? गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. लहान अभंगाच्या चरणांत साधारणतः आठ अक्षरें मोजतात, आणि त्या मोजणींत ‘नाम’ दोन अक्षरांचें, ‘विठ्ठल’ तीन अक्षरांचें. बोलण्यांत मात्र पहिल्याचा एकच आघात होतो, दुसऱ्याचे दोन. आजच्या बोलीवरून अभंग ध्वनिलिपींत उतरविला तर चरण तोकडा पडेल. एकेकाळीं हे अंत्य अकार बोलण्यांतहि ऐकूं येत असावेत, असें यावरून वाटतें. परंतु गाण्यांत जुना उच्चार पुष्कळ काळ मागें रेंगाळतो, तेव्हां एवढ्यावरून शतक ठरविणें धाडसाचें होईल.

बाजारांत ‘विठ्ठल्’ म्हणून हांक मारणारा वारकरी टाळ हातीं घेतला कीं तोच ‘ल’ पुरा करून लांबवितो. त्यास हें कोणीं शिकविलेलें नसतें.