उसावरचं मेण आणि कोलेस्टेरॉलची गोळी

उसाच्या कांड्यावरून हात फिरवला की बोटांना पांढरट पूड लागते, हे सांगली-कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. ती पूड म्हणजे मेण. ऊस गाळपाला गेला की रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडमध्ये हे मेण उतरतं. आपल्याकडे त्या प्रेसमडचं खत होतं. क्युबाने मात्र उसाच्या मेणातून कोलेस्टेरॉलचं औषध काढलं. आजची हकिकत त्या औषधाची.

या मेणात लांब साखळीची अल्कोहोलं असतात. नाव अल्कोहोल असलं तरी त्यांनी नशा चढत नाही. त्यातलं मुख्य म्हणजे २८ कार्बन अणूंचं ऑक्टाकोसॅनॉल. या सगळ्या मिश्रणाला पॉलिकोसॅनॉल म्हणतात. हवानाच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यावर काम झालं आणि १९९१ च्या सुमारास क्युबात ते औषध म्हणून आलं.

तो काळ आठवा. त्याच वर्षी सोव्हिएत युनियन कोसळलं आणि क्युबाच्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. परकीय चलनाची चणचण होती, हाताशी ऊस भरपूर होता आणि शास्त्रज्ञही होते. उसापासून औषध करून ते जगाला विकायचं, ही कल्पना व्यवसाय म्हणून उत्तमच होती.

क्युबातून एकामागून एक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. २००२ साली हायनर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकारी या जर्मन संशोधकांनी त्या सगळ्यांचा आढावा एका अमेरिकन हृदयरोग मासिकात मांडला. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २१ ते २९ टक्के उतरतं, असे ते आकडे होते. म्हणजे जवळजवळ स्टॅटिनच्या तोडीचे! फक्त एक खोच होती. बहुतेक सगळ्या चाचण्या क्युबातल्या एकाच गटाच्या होत्या.

आमच्या आयटीत एक साधा नियम आहे. ज्याने कोड लिहिला, त्याच्या मशीनवर तो चालला एवढ्याने भागत नाही. दुसऱ्याच्या मशीनवरही चालावा लागतो. बेर्टहोल्ड यांनी नेमकं तेच केलं. क्युबाच्याच उसाचं पॉलिकोसॅनॉल घेऊन त्यांनी जर्मनीत १४३ रुग्णांवर १२ आठवडे चाचणी घेतली. काहींना १०, काहींना २०, ४०, अगदी ८० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिला आणि काहींना नुसती औषधाविना गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. मे २००६ मध्ये निकाल छापून आला : औषधाच्या गोळीत आणि औषधाविना गोळीत काहीच फरक नाही. डोस वाढवूनही नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनीही क्युबाचंच पॉलिकोसॅनॉल तपासलं. तिथेही कोलेस्टेरॉल हललं नाही.

तरी अमेरिकेत या बाटल्या विकल्या गेल्याच. क्युबावर व्यापारबंदी असल्यामुळे इथे मधमाशीच्या मेणापासून किंवा तांदळाच्या कोंड्यापासून काढलेला माल आला. आणि १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्याआधी ते गुणकारी असल्याचं सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. औषधाला ते दाखवावंच लागतं.

तुम्ही म्हणाल, गुण नसेल, पण निदान झाडपाल्याचं तरी आहे, अपाय नाही. इथे थोडं थांबा. ज्या स्टॅटिनला आपण 'केमिकल' म्हणून नाक मुरडतो, त्याचा उगमही निसर्गातच आहे. जपानच्या अकिरा एंडो यांना पहिलं स्टॅटिन १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं. १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीतूनच आलं. पुढे १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्यानंतरही देशोदेशीच्या डॉक्टरांनी स्टॅटिनं पुन्हा पुन्हा तपासली आणि ती उतरली.

म्हणजे एक झाडाचं आणि दुसरं कारखान्यातलं, असा हा फरक नाहीच. एक दुसऱ्यांच्या हातीही टिकलं, दुसरं टिकलं नाही, एवढाच फरक आहे.

आपल्या दक्षिण आशियाई मंडळींना हृदयविकार लवकर गाठतो, हे तुम्ही डॉक्टरांकडून ऐकलं असेलच. म्हणून बाबांनी फोनवर सांगितलं की "स्टॅटिन सोडलं, आता नैसर्गिक गोळी चालू केली", तर वाद घालू नका. फक्त विचारा, "बाबा, बनवणाऱ्याशिवाय आणखी कोणी तपासलंय का हे?" आणि गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलायला लावा. स्टॅटिनने अंग दुखत असेल तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं. डोस बदलता येतो, दुसरी औषधंही आहेत.

उसाचा रस मात्र गोडीसाठी जरूर प्या. साखर बेताने, एवढंच! भेटू पुढच्या भागात.