फ्लॉपी डिस्क : चकती उरली, वाचणारे यंत्र गेले

संगणकावरील काम जतन करताना ज्या चौकोनी चिन्हावर आपण टिचकी मारतो, ते चिन्ह साडेतीन इंची फ्लॉपी डिस्कचे आहे. वस्तू व्यवहारातून गेली, चित्र मात्र राहिले. नव्वदच्या दशकात संगणक हाताळू लागलेल्या अनेकांच्या कपाटात अशा फ्लॉप्यांचा एखादा डबा अजूनही सापडतो. त्यात कुणाचा प्रबंध असतो, कुणाच्या कविता, तर कुणा संस्थेचे हिशेब. डबा टाकवत नाही आणि आतले वाचता येत नाही, अशी ही अडचण आहे.

उगम आणि रचना

लवचिक प्लास्टिकच्या चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर देऊन फ्लॉपी तयार होई. 'आयबीएम'ने १९७१ मध्ये आणलेल्या आठ इंची फ्लॉपीत सुमारे ८० किलोबाइट माहिती मावत असे. १९७६ मध्ये 'शुगार्ट असोसिएट्स'ने सव्वापाच इंची, तर १९८१ मध्ये 'सोनी'ने कडक आवरणाची साडेतीन इंची फ्लॉपी आणली. १९८७ नंतर रूढ झालेल्या १.४४ मेगाबाइट फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट असत. एकूण क्षमता १४,७४,५६० बाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही बहुधा त्यात मावणार नाही.

तरीही या चकतीने मोठा काळ तोलून धरला. मजकूर छापखान्यात द्यायचा तर फ्लॉपी खिशात घालून जावे लागे. 'विंडोज ९५' ही प्रणाली १३ फ्लॉप्यांच्या संचातही मिळत असे. बाराव्या फ्लॉपीशी ड्राइव्ह खरखरू लागला, की आधीची सारी मेहनत पाण्यात जाई. एका संगणकावर लिहिलेली फ्लॉपी कधी कधी दुसऱ्यावर उघडत नसे, कारण दोन ड्राइव्हची वाचनशीर्षे नेमकी एकाच रेषेत नसत.

वाचता का येत नाही?

पहिले कारण खुद्द चकतीचे. चुंबकत्व हळूहळू क्षीण होते, थर सुटतो आणि दमट हवेत बुरशी धरते. दुसरे कारण यंत्राचे. 'अॅपल'ने १९९८ च्या 'आयमॅक'मधून फ्लॉपी ड्राइव्ह वगळला. इतर कंपन्याही पुढे त्याच वाटेने गेल्या. 'सोनी'ने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीविक्री थांबवली.

तिसरे कारण मराठी लेखकाला विशेष जाचणारे आहे. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी देवनागरी अक्षरांसाठी आपापले संकेत ठरवले होते. त्यामुळे फ्लॉपी सुखरूप वाचली, तरी तो फॉन्ट नसल्यास मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण 'विंडोज'मध्ये तिचा आधार 'विंडोज २०००'पासून मिळाला. त्याआधीचा बहुतेक मजकूर या जुन्या संकेतांतच अडकलेला आहे.

एक बोधप्रद उदाहरण

इंग्लंडमधील जमीनजुमल्याची नोंद करणारे 'डूम्सडे बुक' १०८६ चे. त्याच्या नवशे वर्षांच्या निमित्ताने 'बीबीसी'ने १९८६ मध्ये लोकसहभागातून देशाची नवी नोंद लेझर डिस्कवर साठवली. ती वाचणारी यंत्रे काही वर्षांतच दुर्मीळ झाली आणि २००२ मध्ये संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली लिहून ती उघडावी लागली. चर्मपत्रावरील मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

अर्थात, केवळ कागद किंवा चर्मपत्र टिकाऊ म्हणून ग्रंथ टिकतात असे नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती नकला करणाऱ्या हातांमुळे आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या पाठशुद्धीमुळे. संगणकीय मजकुरालाही हाच नियम लागू पडतो.

काय करावे?

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडता येणारा ड्राइव्ह उपयोगी पडतो. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना ड्राइव्ह आणि त्याला आजच्या संगणकाशी जोडणारे खास उपकरण लागते. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. वाचनशीर्ष मळून पुढच्या फ्लॉप्याही खराब होतात. कोपऱ्यातील खिडकीची पट्टी सरकवून ती उघडी करावी, म्हणजे फ्लॉपीवर चुकून काही लिहिले जाणार नाही. 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असे संगणकाने विचारल्यास नकार द्यावा. प्रथम संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा उतरवून घ्यावी; मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर त्यानंतर करावे. रूपांतरित मजकुरातील जोडाक्षरे आणि रफार जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावेत. शेवटी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी त्या नव्या माध्यमावर उतरवाव्यात. पेन ड्राइव्हही कायमचा नाही.