लेण्याद्रीचा बेपत्ता पाथरवट



पोलीस ठाण्यात तपास लागला नाही, की प्रकरणाचे कागद बासनात बांधून ठेवतात. इतिहासाच्या दप्तरात तसे नाही. तेथे कोणीही उठावे आणि जुना पुरावा पुन्हा तपासावा. असेच एक न उलगडलेले प्रकरण आज आम्ही आपल्यापुढे मांडतो. स्थळ, जुन्नरजवळील लेण्याद्री. बेपत्ता इसम, ही लेणी कोरणारा पाथरवट.

सुमारे ३०० पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो. ते देवस्थान सातव्या लेण्यात आहे. मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार. तिन्ही बाजूंना मिळून २० खोल्या, आणि एवढ्या विस्तीर्ण दालनाला मध्ये एकही खांब नाही! शेजारी सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. हे काम कोणाच्या हातचे?

या प्रकरणातले पहिले तपासनीस हौशीच होते. जेम्स प्रिन्सेप हा टाकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी. १८३७ साली त्याने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले. मुंबईचे भाऊ दाजी लाड डॉक्टर होते. त्यांनी मदतीला घेतलेले जुनागढचे भगवानलाल इंद्रजी ब्राह्मी लिपी स्वतःच्या बळावर शिकले होते. १८८१ साली त्यांनी आणि बर्जेस यांनी मिळून पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख छापले. जुन्नरचे लेख त्यांत आहेत.

आता पुरावा पाहू. चैत्यगृहावरील लेख सांगतो, की हे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. जुन्नरच्या लेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके आहे. बांबूकाम करणारे, कांस्यकार यांच्याही श्रेणी तेथे भेटतात. म्हणजे कष्टकऱ्यांना संघटना ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणू नये. पण सुलसदत्ताच्या लेखात छिन्नी धरणाऱ्याचे नाव नाही.

तो निरक्षर होता, किंवा नाव कोरण्याची त्याला मनाईच होती, असे उत्तर चटकन सुचते. ते टिकत नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात लेख आहे, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास या सोनाराने आपले नाव घातले आहे. सोनार आणि दगडावर सही! तेव्हा कारागिराने नाव कोरल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

आमच्या मते खरा धागा क्रियापदात आहे. कोंडाण्याला व पितळखोऱ्याला शब्द आहे ‘कत’, म्हणजे केले. लेण्याद्रीला शब्द आहे ‘देयधम’, म्हणजे धर्मदान. एक लेख हाताची साक्ष देतो, दुसरा दानाची पावती आहे. पावतीवर मजुराचे नाव कसे यावे? आजच्या इमारतीच्या कोनशिलेवरही उद्घाटकाचे नाव असते, गवंड्याचे नसते. तेव्हा सुलसदत्ताने कोणाचे नाव दडपले, असा आरोप या पुराव्यावर उभा राहत नाही. एवढेच सिद्ध होते, की ज्या कागदावर आपण विसंबलो तो कामाचा कागदच नव्हे.

हा भेद आम्हांला पुस्तकाने नव्हे, हजेरीपटाने शिकवला. वीस वर्षे राबलेल्या माणसाचे नाव पटावर नसले, की त्याची ग्रॅच्युइटी मिळवताना नाकी नऊ येतात. मग आम्ही इतर पुरावा धुंडाळतो : यंत्राची चिठ्ठी, सोबत्याची साक्ष, हातावरचे घट्टे. लेण्याद्रीलाही तेच करावे लागेल. लेण्यांचे काम छताकडून खाली उतरत असे, म्हणून अर्धवट राहिलेले लेणे म्हणजे थांबलेल्या कामाचा पंचनामाच. भिंतीवरचे छिन्नीचे घाव म्हणजे त्या माणसाचे ठसे.

म्हणून एक विनंती. यात्रेला गेलात, की दर्शन झाल्यावर क्षणभर थांबून भिंतीवर तिरपा उजेड पडेल तेथे ते घाव पाहा. आणि सोबतचा पोरगा खिळ्याने आपले नाव कोरू लागला, तर त्याचा हात धरा. या प्रकरणातला साक्षीदार तेवढाच उरला आहे.