मिस सिंथिया फरार : जोतीरावांनी पाहिलेली नगरची शाळा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपण दरवर्षी ३ जानेवारीला अभिमानाने सांगतो. मात्र त्याआधी त्यांनी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींची शाळा चालताना पाहिली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती शाळा मिस सिंथिया फरार यांची.

कारकीर्द : फरारबाईंचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. डिसेंबर १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळांची जबाबदारी त्यांनी घेतली. १८३७ साली प्रकृतीमुळे त्या मायदेशी गेल्या. १८३९ साली परत येऊन त्या नगरला राहिल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच शिकवत राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही.

प्रेरणा : त्यांची प्रेरणा ख्रिस्ती धर्मप्रसाराची होती. हे आपण लपवण्याचे कारण नाही. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीत होते. त्यांच्यासोबत जोतीरावांनी ही शाळा पाहिली. त्यांनी तिथून शिक्षण घेतले, धर्मांतर घेतले नाही. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार नोंदवतात.

परिणाम : फुले दांपत्याच्या शाळेतील मातंग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे नियतकालिक मिशनने १८४२ साली नगरलाच सुरू केले होते. पुढे बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फुल्यांना गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या उगमावरील आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला.

समाजकार्याचे शिक्षण : याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. आज अहिल्यानगरमध्येही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि आपली अनेक मुले-मुली ते घेतात.

आपल्यासाठी : शिकवणाऱ्याचा हेतू त्याच्यापाशी राहतो. शिकणारा मात्र त्या अक्षरांचे काय करायचे ते स्वतः ठरवतो. फरारबाईंनी दुसऱ्या कशासाठी तरी शाळा चालवली. जोतीरावांनी तिच्यातून शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट काढली. म्हणून विहारातल्या अभ्यासिकेत चार मुले बसत असली, तरी ती नेमाने चालवू या. ती पाहायला उद्या कोण येईल, हे आज आपल्याला सांगता येत नाही.