कार्ड उलटून पाहा

मंडळी, इथे रत्नागिरीत जुन्या पेटीत एखादं रंगीत पोस्टकार्ड सापडलं, की आपण म्हणतो, ‘वा, रविवर्मा!’ आणि थांबतो. पण राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर, जर्मन कारागिरांच्या हातानं. पुढे फ्रिट्झ श्लायशर हा जर्मनच त्याचा मालक झाला. प्रत्येक रंगाला वेगळा शिळाछापाचा दगड. भिंगातून ठिपके दिसतात.

आता कार्ड उलटा. आधी मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. ब्रिटननं १९०२ मध्ये, जर्मनीनं १९०५ मध्ये मागेच मजकुराला जागा दिली. मधली रेघ म्हणजे काळाची खूण. तिकीट मात्र उपटू नका. त्याबरोबर शिक्का जातो, शिक्क्याबरोबर गाव आणि तारीख. मग उरतं नुसतं चित्र.