हल्क म्हातारा होतो तेव्हा

मागच्या जूनमध्ये रात्री पावणेदोन वाजता आमचं एक रिलीज गंडलं. चूक माझ्या टीममधल्या एका ज्युनियरची होती. कॉन्फिग फाइलमध्ये त्याने टेस्ट सर्व्हरचा पत्ता तसाच ठेवला होता. चूक दहा मिनिटांत सापडली, आणखी वीस मिनिटांत दुरुस्तही झाली. पण मधल्या वेळात, कॉलवर सगळे असताना, मी त्याला म्हणालो, "डोकं घरी ठेवून येतोस का रे कामाला?"

तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. सहा वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत, माझा लीड मला हेच वाक्य याच चालीत ऐकवायचा. तेव्हा मी रूमवर येऊन पार्टनरला सांगायचो, "मी लीड झालो ना, तर असा कधीच वागणार नाही."

त्या रात्री झोप काही आली नाही. मग फोनवर एक जुनं कॉमिक उघडलं. 'हल्क : फ्यूचर इम्परफेक्ट'. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर पहिल्यांदा वाचलं होतं. तेव्हा आवडलं होतं ते 'हल्क विरुद्ध हल्क' या मारामारीसाठी. या वेळी वाचताना घाम फुटला. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थेट १९६२ पर्यंत.

वाळवंटातला बाँब

मे १९६२. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या 'द इन्क्रेडिबल हल्क'चा पहिला अंक आला. गोष्ट साधी आहे. डॉ. ब्रूस बॅनर नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या लष्करासाठी 'गॅमा बाँब' बनवतो. वाळवंटात चाचणी होणार असते. ऐन वेळी रिक जोन्स नावाचा एक पोरगा पैजेपायी गाडी घेऊन चाचणीच्या मैदानात घुसतो. बॅनर त्याला वाचवायला धावतो आणि काउंटडाउन थांबवायला सहकाऱ्याला सांगून जातो. सहकारी निघतो हेर. तो काहीच थांबवत नाही. बॅनर पोराला खंदकात ढकलतो आणि स्वतः मात्र किरणोत्सर्गात सापडतो. तिथून हल्क जन्माला येतो.

पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा होता. त्या काळच्या छपाईत तो करडा रंग नीट येईना, प्रत्येक पानावर वेगळाच दिसायचा. म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. आज जगभर टी-शर्टांवर दिसणारा हिरवा रंग ही मुळात छपाईतली अडचण टाळण्यासाठी केलेली सोय आहे! आमच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात, आणि आमचेही वर्कअराउंड असेच कायमचे होऊन बसतात.

पण बाँबवाला भाग नुसती कल्पना नव्हती. जगातली पहिली अणुचाचणी १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातच झाली होती. हल्कचा पहिला अंक आल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. शाळेत मुलांना बाकाखाली लपायचा सराव करायला लावणारा तो काळ. हल्क त्या भीतीचं पोर आहे. स्टॅन लीने प्रेरणा म्हणून 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'जेकिल अँड हाइड' यांची नावं घेतली होती. आपणच घडवलेला राक्षस आणि आपल्याच आत दडलेला राक्षस, हे दोन्ही हल्कमध्ये एकत्र आले.

वाचकांना तो लगेच काही आवडला नाही. पहिली मालिका अवघ्या सहा अंकांत, मार्च १९६३ मध्ये बंद पडली. हल्क इतर मासिकांत पाहुण्यासारखा फिरत राहिला आणि हळूहळू मोठा झाला.

बाँबच्या आधीची गोष्ट

पुढची वीसेक वर्षं सगळं खापर बाँबवर होतं. बॅनर बिचारा, बाँब वाईट. हे समीकरण १९८५ मध्ये बिल मँट्लो या लेखकाने मोडलं. त्याने बॅनरचं बालपण दाखवलं. बाप ब्रायन बॅनर, स्वतः शास्त्रज्ञ, पोराला मारणारा, त्याला राक्षस म्हणणारा. त्याच बापाच्या हातून आईचा जीव जातो. म्हणजे राग आत आधीपासूनच होता. बाँबने फक्त दार उघडलं.

१९८७ मध्ये पीटर डेव्हिडकडे हल्क आला. हा माणूस मार्व्हलच्या विक्री विभागात काम करता करता लेखक झालेला. त्याने पुढे जवळपास बारा वर्षं सलग हल्क लिहिला. मँट्लोचा धागा त्याने सोडला नाही. १९९१ च्या सुरुवातीला आलेल्या ३७७ व्या अंकात डॉ. सॅमसन हा मानसोपचारतज्ज्ञ बॅनरला संमोहनातून त्याच्या आठवणींत नेतो. तिथे बॅनर, हिरवा हल्क आणि करडा हल्क हे तिघेही त्या बापाला सामोरे जातात. आणि तिघांचा मिळून एक होतो. बॅनरची बुद्धी, हल्कची ताकद. वाचक त्याला 'प्रोफेसर हल्क' म्हणू लागले.

'एंडगेम'मध्ये चष्मा लावून बसलेला, अँटमॅनला टाको देणारा शहाणा हल्क आठवतोय? त्याचं मूळ हे. सिनेमात आपण त्याच्याकडे बघून हसलो. बरा झाला एकदाचा, म्हणालो.

पीटर डेव्हिडने मात्र पुढचा प्रश्न विचारला. बरा झालेला हा माणूस शंभरेक वर्षांनी कसा असेल?

भिंत पडली, घड्याळ मागे गेलं

इथे मला इतिहासातली एक गंमत दिसते.

अणुशास्त्रज्ञांचं एक प्रसिद्ध प्रतीकात्मक घड्याळ आहे. मध्यरात्र म्हणजे जगाचा अंत. काटा मध्यरात्रीच्या जितका जवळ, तितका धोका मोठा. १९९१ मध्ये हा काटा मध्यरात्रीपासून १७ मिनिटं मागे नेला गेला. इतका मागे तो ना त्याआधी गेला होता, ना त्यानंतर गेला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २३ सप्टेंबर १९९२ ला अमेरिकेने नेवाडात एक अणुचाचणी केली, आणि तिथे थांबली. त्यानंतर आजतागायत अमेरिकेने अणुस्फोटाची चाचणी केलेली नाही.

आणि बरोबर याच सुमारास, डिसेंबर १९९२ ही तारीख मिरवत 'फ्यूचर इम्परफेक्ट'चा पहिला अंक आला. दुसरा जानेवारी १९९३ चा. लेखक पीटर डेव्हिड, चित्रकार जॉर्ज पेरेझ. विषय काय, तर अणुयुद्धानंतरचं उद्ध्वस्त जग! सगळं जग सुटकेचा श्वास टाकत असताना या दोघांनी हल्कला त्याच राखेत नेऊन उभं केलं.

उद्ध्वस्त भविष्य कॉमिक्सना नवं नव्हतं. १९८१ मध्ये 'एक्स-मेन'ची 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' आली होती. तिथे जगाची वाट लावतात सेंटिनल नावाची यंत्रं. म्हणजे संकट बाहेरचं. १९९१ मध्ये डीसीने 'आर्मागेडन २००१' काढलं. त्यात एक सुपरहीरोच पुढे मोनार्क नावाचा हुकूमशहा होणार असतो. कोण, हे गुपित. ठरलं होतं कॅप्टन ॲटम. पण बातमी आधीच फुटली, म्हणून ऐन वेळी नाव बदलून हॉकला मोनार्क केलं. रिलीजच्या आदल्या रात्री केलेल्या बदलाचं जे होतं, तेच झालं. वाचकांना ते पटलं नाही.

पण त्या घोळातून एक गोष्ट दिसते. एकाच्या जागी दुसऱ्याला इतक्या सहज बसवता आलं, कारण 'तो असा का झाला' हा प्रश्न तिथे महत्त्वाचा नव्हताच. महत्त्वाचं होतं 'तो कोण?'

'फ्यूचर इम्परफेक्ट'मध्ये 'कोण' हे गुपित नाही. प्रश्न फक्त 'का' एवढाच आहे.

माएस्ट्रो

शंभर वर्षांनंतरचं जग. अणुयुद्धात जवळपास सगळे सुपरहीरो मेलेले. उरलेल्या माणसांच्या शहराचं नाव डिस्टोपिया. तिथला राजा माएस्ट्रो. हिरवा, अवाढव्य, टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा. हा हल्कच. युद्धाच्या किरणोत्सर्गाने जग मेलं, पण हा तो पिऊन आणखी बलवान झाला.

त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचा आधार कोण? चाकांच्या खुर्चीतला एक जख्ख म्हातारा. रिक जोन्स. तोच, ज्याला वाचवताना बॅनर हल्क झाला होता. रिकने मेलेल्या वीरांच्या वस्तू जपून ठेवल्यात. कॅप्टन अमेरिकाची ढाल, सिल्व्हर सर्फरची फळी, वुल्व्हरिनचा धातूचा सांगाडा. पेरेझने ती खोली अशी काही रेखाटली आहे की फोनवर दोन बोटांनी झूम करत मी अर्धा तास त्या एकाच चित्रात फिरत होतो. मोबाइलच्या स्क्रीनचा राग यावा असं ते चित्र आहे. एका माणसाने राखलेलं, हरलेल्या युगाचं संग्रहालय.

डॉक्टर डूमचं कालयंत्र वापरून बंडखोर प्रोफेसर हल्कला भविष्यात आणतात. माएस्ट्रोला हरवू शकेल असा दुसरा कोण आहे?

पण हल्क हरतो. माएस्ट्रो त्याची मान मोडतो. त्याने शंभर वर्षं जास्त मारामाऱ्या केल्यात आणि समोरच्याच्या सगळ्या खोड्या त्याला माहीत आहेत, कारण त्या त्याच्याच आहेत. मग हलताही न येणाऱ्या हल्कच्या उशाशी बसून तो बोलतो. इथे मी हॉस्टेलमध्ये पानं भराभर उलटली होती. या वेळी थांबलो.

माएस्ट्रो वेडा वाटत नाही. त्याच्याकडे कारणं आहेत. जगाने त्याला आयुष्यभर हाकललं, सैन्य मागे लावलं, राक्षस म्हटलं. आणि शेवटी त्याच जगाने स्वतःलाच जाळून घेतलं. मग उरलेल्यांवर राज्य करायचा हक्क त्याच्याइतका कुणाचा? त्याच्या तक्रारीतलं बरंचसं खरंही आहे. तीच तर पंचाईत आहे.

आणखी एक. माएस्ट्रो हा त्या मुक्या, चिडक्या, लहान मुलासारख्या हल्कचा म्हातारा अवतार नाही. तो प्रोफेसरचा आहे. बऱ्या झालेल्याचा, शहाण्याचा. चिडका हल्क फार तर रणगाडे फोडेल. राज्य चालवायला, लोकांना धाकात ठेवायला आणि त्याचं समर्थन करायला बुद्धी लागते. बापाने राक्षस म्हटलेला मुलगा मोठा झाला, शिकला, आतून जुळला, आणि शेवटी बापाच्याच खुर्चीत जाऊन बसला. फक्त या बापाचं घर म्हणजे एक अख्खं शहर होतं.

शेवटी हल्क जिंकतो, पण ताकदीने नाही. तो माएस्ट्रोला लढवत लढवत कालयंत्रापर्यंत नेतो आणि भूतकाळात पाठवतो. माएस्ट्रो डोळे उघडतो तर आजूबाजूला वाळवंट, आणि अगदी शेजारी गॅमा बाँब. पलीकडे काउंटडाउन चालू. हल्क जिथे जन्मला, त्याच क्षणी, त्याच जागी माएस्ट्रो मरतो.

शेवट कसला

मला हा शेवट पूर्वी फार भारी वाटायचा. वर्तुळ पूर्ण! आता वाटतं, लेखकाने हल्कला सोपं उत्तर दिलेलंच नाही. एक माएस्ट्रो मेला. पण हल्क वर्तमानात परत आला तो हे जाणून, की तो काय होऊ शकतो. यापुढे प्रत्येक वेळी राग आला की त्याला ती पांढरी दाढी दिसणार. बाहेरच्या शत्रूला एकदा हरवलं की घरी जाता येतं. इथे रोज पहारा द्यावा लागतो.

म्हणूनच बहुधा ही कल्पना संपली नाही. २०१३ मध्ये 'इनजस्टिस' गेममध्ये सुपरमॅन हुकूमशहा झालेला आपण पाहिला, खेळलो. पीटर डेव्हिड स्वतः २०२० मध्ये पुन्हा माएस्ट्रोकडे वळला, या वेळी तो घडला कसा ते सांगायला. पेरेझ २०२२ मध्ये गेला, डेव्हिड २०२५ मध्ये. त्या खोलीतल्या वस्तूंसारखं आता त्यांचं काम मागे उरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ज्युनियरला फोन केला. म्हणालो, "काल जे बोललो ते चुकीचं होतं. सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोरच माफीही मागतो." तो घाईघाईने म्हणाला, "नाही हो सर, चूक माझीच होती. इट्स ओके."

मी दुपारच्या कॉलवर माफी मागितली. दोन सेकंद शांतता, मग कुणीतरी विषय बदलला.

त्याचं ते "इट्स ओके" मला पुरतं पटलेलं नाही. कारण सहा वर्षांपूर्वी मीही माझ्या लीडला अगदी असंच, अशाच घाईत म्हणायचो. आणि रूमवर गेल्यावर पार्टनरला काय सांगायचो, ते मला अजून आठवतं.